भिवाच्या नावापुढचं उद्गारचिन्ह

नगर जिल्हा म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? साखर कारखाने, शिर्डी, शनिशिंगणापूर, भुईकोट किल्ला, टँकरपुढची हंड्यांची रांग. आमच्या नात्यागोत्यात नगरकडची माणसं पुष्कळ. त्यांच्याशी फोनवर बोलताना तब्येतीच्या आधी पावसाची चौकशी होते, इतकी ती सवय अंगात मुरलेली. या मंडळींना मी जेव्हा सांगतो की आपल्या जिल्ह्यात ऑर्किडं उगवतात, तेव्हा उत्तर ठरलेलं असतं, "काहीतरीच तुझं! ऑर्किडं बंगलोरला."

म्हणून हा लेख. घरच्यांसाठी आणि इथे नेहमी येणाऱ्या मित्रांसाठीही. थोडा लांबलाय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी जिल्ह्याबद्दल. २०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण घरात अजून सगळे नगरच म्हणतात, म्हणून मीही इथे तेच म्हणतो. क्षेत्रफळानं हा महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा, १७ हजार चौरस किलोमीटरहून थोडा जास्तच. पूर्वेकडचे बरेचसे तालुके वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर पावसावर दिवस काढतात. आणि पश्चिमेच्या टोकाला अकोले तालुका जाऊन थेट सह्याद्रीच्या कड्याला टेकतो. तिथे १६४६ मीटर उंचीची कळसूबाई आहे, १४२४ मीटरचा हरिश्चंद्रगड आहे, रतनगड आहे, घाटघर आहे. घाटघर-रतनवाडीकडे एका पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एकाच कलेक्टरच्या हाताखाली एका टोकाला चारा छावणी आणि दुसऱ्या टोकाला महिनाभर न दिसणारा सूर्य. आपली ऑर्किडं या दुसऱ्या टोकाला.

फुलवाल्याकडच्या जांभळ्या, मेणासारख्या फुलांची ऑर्किडं डोळ्यांसमोर असतील तर ती आता बाजूला ठेवा. इथली ही ऑर्किडं जमिनीवर, गवतात, दगडांच्या फटीत उगवतात. बहुतेक वीतभर, फार तर हातभर उंच. शास्त्रीय नाव हबेनारिया. मराठी निसर्गप्रेमी ऑर्किडला 'आमरी' म्हणतात, त्यामुळे हिलाही आमरीच म्हणू. हे एका झाडाचं नाव नाही, एका मोठ्या कुळीचं आहे. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत अशा गटाला 'प्रजाती' म्हणतात आणि तिच्यातल्या एकेका सदस्याला 'जाती'. जगभरात हबेनारिया या प्रजातीच्या आठशेहून जास्त जाती आहेत. आपल्या सह्याद्रीतही त्यांचं बऱ्यापैकी मोठं कुटुंब नांदतं.

यातल्या दोघी अकोल्याकडच्या गडांवर पावसाळ्यात भेटतात. पहिली हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. नाव मोठं आणि जीव एवढासा. आषाढाच्या आसपास जमिनीला अगदी चिकटून एक गोल पान येतं. बहुतेक वेळा एकच. त्याच्या मधून एक बारीक दांडा आणि वर एक-दोन-तीन पांढरी फुलं. दुसरी हबेनारिया हेनिआना. ही श्रावण-भाद्रपदातली. हिची पांढरी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला ओळीनं बसतात, त्यामुळे ट्रेकवाली पोरं हिला सरळ टूथब्रश ऑर्किड म्हणतात. एकदा ते नाव ऐकलं की दुसरं काही सुचतच नाही!

आता या झाडाचं वर्ष कसं जातं ते बघा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

दिवाळीनंतर वरचा सगळा भाग वाळून जातो. जमिनीवर काहीच उरत नाही. जमिनीखाली मात्र एक छोटा कंद असतो, साबुदाण्याच्या मोठ्या भावासारखा, कुठे सुपारीएवढा. सात-आठ महिने हे झाड म्हणजे फक्त तो कंद. मृगाचा पाऊस झाला की त्या कंदातून कोंब येतो, पान येतं, फूल येतं. आणि हे चालू असताना जुन्या कंदाच्या शेजारीच नवा कंद भरायला लागतो. जुना रिकामा होत सुकत जातो, नवा गच्च होत जातो. पावसाळा संपेपर्यंत जुना संपलेला असतो आणि पुढच्या वर्षाची सगळी शिदोरी नव्यात असते. दर साल हेच. आपल्याकडे शेतकरी घरात बियाण्याचं गाडगं वेगळं ठेवतात तसं.

बियांचं काय, तर बिया धुळीसारख्या. एका बोंडात हजारो, पण त्या बीमध्ये खाणं असं काहीच नसतं. जमिनीतली एक विशिष्ट बुरशी भेटली आणि तिनं पोसलं, तरच त्यातून रोप होतं. हे १८९९ साली नोएल बर्नार या फ्रेंच माणसाच्या लक्षात आलं. तोवर लोक ऑर्किडाच्या बिया पेरून पेरून थकले होते. म्हणजे हे झाड उपटून घरी कुंडीत लावणं हा प्रकार बहुतेक वेळा फुकटच जातो. त्याची माती ही नुसती माती नसते, त्याचं माहेर असतं.

आणि फुलं पांढरी, बऱ्याच जातींमध्ये संध्याकाळनंतर वास येणारी. का, तर गिऱ्हाईक रात्रीचं. फुलाच्या मागे एक शेपटीसारखी लांब नळी लोंबत असते, तिच्या तळाशी मध. तो पिण्याइतकी लांब सोंड रात्री उडणाऱ्या पतंगांकडेच असते. पतंग मध पितो तेव्हा परागांचे पुंजके त्याच्या डोळ्यांना किंवा सोंडेला चिकटतात आणि पुढच्या फुलापर्यंत पोचतात. हबेनारिया लाँगिकॉर्निक्युलाटा नावाच्या जातीत ही नळी एवढी लांब असते की फुलापेक्षा तिच्याकडेच लक्ष जातं. नावाचा अर्थही तोच, लांब शिंगवाली.

थोडक्यात काय, भर पावसात, धुक्यात, काही आठवडेच दिसणारं आणि रात्री जागणारं हे झाड. याचा इतिहास लिहायचा तर प्रश्न एकच येतो. त्या दिवसांत तिथे होतं कोण?

शास्त्रातला इतिहास १८०५ पासून सुरू होतो. बर्लिनच्या विल्डेनाऊ या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्या वर्षी 'हबेनारिया' हे नाव छापलं. 'हबेना' म्हणजे लॅटिनमध्ये लगाम किंवा चामड्याचा पट्टा. फुलाचे लांब लांब भाग पाहून सुचलेलं नाव. आपल्या टूथब्रशवालीचं हेनिआना हे नाव लंडनच्या जॉन लिंडलीनं १८३० च्या दशकात दिलं, ते बेंजामिन हेन या दक्षिण भारतात काम केलेल्या जर्मन माणसाच्या आठवणीसाठी. लिंडलीनं सह्याद्री पाहिलेला नव्हता. त्याच्यापुढे होता तो कागदावर दाबून वाळवलेला नमुना. वाळलेल्या ऑर्किडाचा रंग तपकिरी-काळा पडतो आणि वास तर पहिल्याच दिवशी जातो. तरी त्यावरून त्यांनी इतकं नेमकं ओळखलं याचं कौतुक वाटतंच.

मुंबईत १८३९ साली जॉन ग्रॅहम या पोस्ट खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुंबई परिसरातल्या झाडांचा कॅटलॉग निघाला. ती लांब शिंगवाली आमरी याच कॅटलॉगात पहिल्यांदा नाव घेऊन आली. पण ग्रॅहमला पूर्ण पुस्तक पाहायला मिळालं नाही. ते छापखान्यात असतानाच त्याच वर्षी मे महिन्यात तो खंडाळ्याला वारला. वय चौतिसाच्या आसपास. राहिलेलं काम त्याचा मित्र जोसेफ निम्मो यानं पुरं केलं.

मग आले गिब्सन आणि डाल्झेल. अलेक्झांडर गिब्सन मूळचा डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख, आणि १८४७ पासून मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक. जुन्नरजवळच्या हिवऱ्यालाही त्याच्या देखरेखीखाली बाग होती. म्हणजे हरिश्चंद्रगडाचं डोंगररान त्याच्यापासून तसं हाकेच्या अंतरावर. निकोल डाल्झेल मुंबईत कस्टम्समध्ये नोकरीला होता, पुढे तोही जंगल खात्यात गेला. दोघांनी मिळून १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' छापला. त्यात आपल्या आषाढातल्या आमरीला 'ग्रँडिफ्लोरा' म्हणजे मोठ्या फुलाची असं नाव होतं. पण ते नाव आधीच दुसऱ्या एका वनस्पतीला दिलेलं निघालं, आणि शास्त्रात एक नाव दोघांना चालत नाही. त्यामुळे १९३२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले फादर ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी चार्ल्स मॅककॅन यांनी ते बदलून 'ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस' केलं. म्हणजे 'ग्रँडिफ्लोरासारखी दिसणारी'. बिचारी सत्तर वर्षं स्वतःच्या नावानं जगली आणि मग स्वतःसारखीच दिसणारी ठरली!

गिब्सनबद्दल एक गोष्ट मला विसरता येत नाही. दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात त्यानं एका चित्रकाराकडून झाडांची फार सुंदर रंगीत चित्रं काढून घेतली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या वनस्पती उद्यानाकडे आहेत आणि २००२ साली हेन्री नोल्टी यांनी त्यांच्यावर मोठं पुस्तक केलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच नोंदलेलं आहे. नाव नाही. पानापानावर झाडाचं नाव आहे, साहेबाचं नाव आहे. काढणाऱ्याचं नाव नाही.

इथून आपण भिवाकडे येतो.

थिओडोर कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. आजचं सीओईपी, म्हणजे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. निवृत्त होऊन ते इंग्लंडला गेले आणि लंडनजवळच्या क्यू इथे बसून त्यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला. तो १९०१ ते १९०८ या काळात भागाभागानं निघाला. आजही आपल्याकडे झाड ओळखताना अडलं की अभ्यासक कुक उघडतात.

या ग्रंथात प्रत्येक झाडाच्या वर्णनाखाली ते कुठे सापडलं ते दिलेलं असतं. आधी ठिकाण, मग ते गोळा करणाऱ्याचं नाव, आणि त्या नावापुढे उद्गारचिन्ह. हे उद्गारचिन्ह आश्चर्याचं नाही. वनस्पतिशास्त्रात त्याचा ठरलेला अर्थ आहे : हा नमुना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. म्हणजे ती साक्षीची सही. तर तिथे डाल्झेल! असतं, वुड्रो! असतं, कानिटकर! असतं. आणि पुन्हा पुन्हा, पानामागून पान, एक नाव येतं : भिवा!

नुसतं भिवा. आडनाव नाही, हुद्दा नाही.

मला हे नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानावर थांबलो होतो. त्या काळी पुण्यात सरकारी वनस्पती खात्याकडे झाडं गोळा करणारे नोकर असत. कागदांचे गठ्ठे, फळ्या, दोर घेऊन हिंडायचं, झाड मुळासकट काढायचं, दाबायचं, पावसाळ्यात बुरशी धरू नये म्हणून रोज कागद बदलायचे, सुकवायचे, वाहून आणायचे. ज्यांनी हे पावसात एकदा तरी केलंय त्यांना त्यातला त्रास वेगळा सांगायला नको. हा माणूस जिथे उभा राहिला तिथलं झाड हजारो मैलांवरच्या टेबलावर गेलं, आणि कुकसाहेबांनी लिहिलं, हो, मी पाहिलं. त्या पानावर भिवा लॅटिन नावांच्या आणि साहेबांच्या रांगेत उभा आहे, त्यांच्यासारख्याच उद्गारचिन्हासह. दापोडीच्या चित्रकारापेक्षा त्याचं नशीब एवढं तरी बरं.

आता तुम्ही म्हणाल, यात नगर कुठे आलं? तेच सांगतोय.

मुंबई सरकारचा त्या काळचा दिनक्रम ठरलेला होता. उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. पावसाळा लागला की महाबळेश्वर रिकामं व्हायचं, आणि आमरी फुलायची तेव्हाच. १८६३ साली बोरघाटातून आणि १८६५ साली थळघाटातून रेल्वे गेली, तेव्हा खंडाळा आणि इगतपुरी भर पावसातही गाठता यायला लागले. वनस्पती शोधणारे लोक साहजिकच तिकडे गेले. इगतपुरीच्या बाजूनं पाहिलं तर कळसूबाई समोर दिसते, पण तिच्या पलीकडच्या अकोले तालुक्यात रेल्वे आजही नाही. पावसाळ्यात ओढे आडवे आले की गावंच्या गावं तुटायची.

हरिश्चंद्रगड साहेबांना माहीत नव्हता असंही नाही. कर्नल साइक्स हा लष्करी अधिकारी दख्खनभर हिंडला, पक्ष्यांची यादी केली, आणि कोकणकड्याच्या धुक्यात दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अंकात छापून आणलं. ट्रेकर मंडळी ज्याला इंद्रवज्र म्हणतात ते हेच. पण साइक्सचा विषय हवा, पाऊस, पक्षी, आकडे. १८८४ चं नगर जिल्ह्याचं गॅझेटियर काढलं तर त्याचा भर महसूल, पिकं, तलाव, देवळं, इमारती लाकूड यांच्यावर. सरकारला ज्यातून काही मिळतं त्याची नोंद आधी. वीतभर आमरीतून काय मिळणार?

स्वातंत्र्यानंतरही क्रम तसाच राहिला. स्पेनहून आलेले फादर सांतापाव सेंट झेवियर्समध्ये शिकवत आणि पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर १९५३ मध्ये लिहिलं, पुरंदरच्या वनस्पतींवर १९५८ मध्ये. पाचगणीच्या पठारावरच्या एका आमरीला त्यांनी आणि कापडियांनी हबेनारिया पंचगणिएन्सिस असं गावाचंच नाव दिलं. दोघांचं मुंबईच्या ऑर्किडांवरचं पुस्तक १९६६ साली आलं. आणि नगर जिल्ह्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ? तो प्रधान आणि सिंग या दोघांनी लिहिला, १९९९ मध्ये. ग्रॅहमच्या कॅटलॉगनंतर बरोबर १६० वर्षांनी.

म्हणजे नातेवाइकांनो, "काहीतरीच तुझं" म्हणण्यात तुमचा दोष नाही. शास्त्रालाही आपल्या जिल्ह्याकडे सावकाश यायला इतका वेळ लागला.

पण मग मनात येतं, शास्त्र यायच्या आधी अकोल्याच्या डोंगरात माणसं नव्हती का? होतीच की. महादेव कोळी, ठाकर शेकडो वर्षं त्याच रानात राहतात. मृग लागला की रानभाज्यांसाठी रोज डोंगर पालथा घालणारी ही माणसं, कुठला कंद खायचा, कुठला उकडून कडूपणा काढून खायचा, कुठल्याला हात लावायचा नाही, हे पोरवयातच शिकतात. आमरी फुलत असताना तिथे हजर असलेली माणसं हीच. त्यांनी जे पाहिलं ते बोलण्यात राहिलं, आणि बोलणारं माणूस गेलं की त्याच्याबरोबर गेलं. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली, त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, आणि सगळ्या महाराष्ट्राला कळलं की शाळेत न गेलेल्या बाईकडे केवढं भांडार असू शकतं. बियाणं खाण्याचं होतं म्हणून निदान कुणीतरी विचारायला गेलं. गवतातल्या फुलाबद्दल कोण विचारायला जाणार?

नाव लिहून ठेवल्यानं काय होतं आणि काय होत नाही, याची दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात.

पहिलं आपलं घरचंच. च्यवनप्राशच्या अष्टवर्गात ऋद्धी आणि वृद्धी अशी दोन औषधं येतात. आजचे अभ्यासक त्यांची सांगड हिमालयातल्या हबेनारियाशी आणि तिच्या अगदी जवळच्या बहिणीशी घालतात. म्हणजे आपल्या आमरीच्याच माहेरच्या. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात म्हटलंय की अष्टवर्ग राजांनाही मिळणं कठीण, आणि ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद घ्यावा. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांपूर्वी नाव पोथीत पक्कं होतं आणि झाड हातातून निसटलेलं होतं. कंद काढला की झाड संपतं, याचा हा सगळ्यात जुना हिशेब म्हणायला हरकत नाही.

दुसरं दूरचं. इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर सतराव्या शतकात रुम्फियस नावाचा डच कंपनीचा एक नोकर झाडांवर ग्रंथ लिहीत होता. १६७० साली त्याची दृष्टी गेली. त्याची बायको सुझाना त्याच्याबरोबर झाडं शोधायची. १६७४ च्या भूकंपात ती आणि त्यांची एक मुलगी गेली. रुम्फियसनं एका मोठ्या पांढऱ्या जमिनीवरच्या ऑर्किडाला तिचं नाव दिलं. त्याच्या अगदी जवळचं ऑर्किड आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या शेवटी फुलतं, आपण त्याला वाघचौरा म्हणतो. कुकच्या काळात दोन्ही एकच समजले जायचे आणि वाघचौऱ्याचं शास्त्रीय नाव हबेनारिया सुझानी असं होतं. म्हणजे अंबोनमधल्या त्या बाईचं नाव काही वर्षं सह्याद्रीच्या गवतातही होतं! पुढे अभ्यासकांनी दोन्ही वेगळे केले, प्रजातीही वेगळी ठरवली, आणि तिचं नाव आपल्या फुलावरून उतरलं. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबरच झालं. मला मात्र थोडं चुकल्यासारखं वाटतं, काय करणार!

असो. आता आजचं बोलू.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं, तेव्हा महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली, राधानगरी या जागा निवडल्या गेल्या. आपल्या अकोल्याचं नाव त्यात नाही. २००१ मध्ये श्रीकांत इंगळहळीकरांचं सह्याद्रीच्या फुलांचं पुस्तक आलं, मागोमाग डिजिटल कॅमेरे आले, आणि एकदम पुष्कळ लोकांना पायाखाली बघायची सवय लागली. ही फार चांगली गोष्ट झाली. त्याच रस्त्यानं गर्दीही आली. शनिवार-रविवारी पावसात भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग असते. गडाच्या वाटेवर चिखल झाला की लोक कडेच्या गवतातून चालतात, मग तिथेही चिखल होतो, मग आणखी कडेनं. वाट रुंदावत जाते. आणि आमरी असते ती त्या कडेच्या गवतातच.

म्हणून तो कंदाचा हिशेब मी एवढा लांबण लावून सांगितला. ऑगस्टमध्ये फूल दिसतं तेव्हा जुना कंद जवळपास रिकामा झालेला असतो आणि नवा अजून भरायचा असतो. त्या वेळी कुणी कौतुकानं दांडा ओढला आणि मुळासकट हातात आला, तर या वर्षाचं झाड जातं आणि पुढच्या वर्षाचंही. चिखलात पान तुडवलं गेलं तर नवा कंद भरायला काही उरत नाही. आणि हे झालेलं दिसत नाही, हे सगळ्यात वाईट. पुढच्या आषाढात तिथे फक्त गवत असतं. जे कधी मोजलं नव्हतं ते कमी झालं हे कुणाला कळणार?

मला वाटतं, या सगळ्या इतिहासाचा मथितार्थ एवढाच आहे. हे झाड टिकायला माती, बुरशी, पतंग आणि पाऊस लागतो, आणि ते टिकलंय की गेलं हे कळायला त्या जागी पावसात उभं राहिलेलं एक माणूस लागतं. लिंडली नसता तरी आमरी फुललीच असती. पण भिवा नसता तर ती तिथे फुलत होती याचा पुरावा आपल्याकडे नसता. पुस्तकं लिहिणाऱ्यांची नावं नीट राहिली आणि चिखलात उभं राहणाऱ्यांची अर्धीमुर्धी राहिली किंवा गेली, हे आपण आता बदलू शकतो. त्याला ना लॅटिन लागतं, ना सरकारी मंजुरी.

तेव्हा घरच्या मंडळींना एक विनंती. या पावसाळ्यात भंडारदऱ्याला किंवा रतनवाडीला जाल, तर मळलेली वाट सोडू नका, चिखल लागला तर लागू दे, पँट धुता येते. फूल दिसलं तर खाली वाकून बघा, फोटो काढा, हात लावू नका. आणि ज्यांच्या घरी जेवाल, त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना तो फोटो दाखवून विचारा, आजी, याला तुम्ही काय म्हणता? त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. गाव लिहा, तारीख लिहा. आजींचं नाव मात्र पूर्ण लिहा, आडनावासकट.

आणि पुढे एक उद्गारचिन्ह.